रबराचा राक्षस आणि दवाखान्यातली मुलगी

नमस्कार ताई,

तुमच्या सदरात लोक घरातल्या अडचणी लिहितात. माझी अडचण एका सिनेमाची आहे, पण त्यावरून आमच्या घरात आठवडाभर धुसफूस चालू आहे, म्हणून लिहिते.

माझा मुलगा अकरावीत आहे आणि त्याला सिनेमाचं वेड आहे. ऑस्कर मिळालेला नवा जपानी गॉडझिला त्याने पाहिला आणि मग १९५४चा मूळचा बघूया म्हणून मागे लागला. शनिवारी रात्री तो, मी आणि माझे सासरे असे तिघं बसलो. कॉलेजात असताना मी १९९८चा हॉलिवूडचा गॉडझिला थिएटरात पाहिला होता. वाटलं, तसंच काहीतरी असेल.

पहिला अर्धा-पाऊण तास मला कंटाळा आला. नुसती बुडालेली जहाजं आणि बैठका. तो प्राणी टेकडीमागून डोकं वर काढतो तेव्हा मुलगा आणि मी खो खो हसलो. पुढे तर आत माणूस आहे हे सरळसरळ दिसतं. विमानांचा मारा त्याला सोडून भलतीकडेच जातो. ती एमिको आणि तिचे ते दोन तरुण, यांच्या प्रेमात मला काडीचाही रस वाटला नाही. आणि मग शहर जळून गेल्यावरचा दवाखान्याचा प्रसंग आला आणि मला रडू आवरेना. का, ते अजून कळलेलं नाही.

मुलगा म्हणाला, "आई, मघाशी हसत होतीस. आता क्लासिक आहे म्हणून रडतेयस." दुसऱ्या दिवशी त्याने याच सिनेमाची अमेरिकन आवृत्ती शोधून काढली. ती ८० मिनिटांची आहे, मधे एक अमेरिकन पत्रकार घुसवलाय. तीच बरी, आटोपशीर, असं त्याचं म्हणणं. सासरे इतिहासाचे शिक्षक होते. ते म्हणाले, "जपानने चीनमध्ये काय केलं, त्याबद्दल यात अवाक्षर नाही. स्वतःच्या जखमा तेवढ्या दाखवल्यात." दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत. आणि मला मात्र सिनेमा आवडला की नाही, हेच सांगता येत नाहीये. माझं काही चुकतंय का? आणि धाकटी आठ वर्षांची आहे, तीही बघायचा हट्ट धरून बसलीय. तिला दाखवू का?

– एक वाचक, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्हाला सिनेमातलं काही आवडलं, काही अजिबात आवडलं नाही, आणि एका ठिकाणी तो तुम्हाला खोल लागला. या तिन्हींची बेरीज करून एकच उत्तर काढलं पाहिजे असं कुणी सांगितलंय? तुमचं हसू सिनेमाच्या एका भागाला आलं, रडू दुसऱ्या भागाला. पहिल्यामुळे दुसरं खोटं ठरत नाही. मुलाने उलटतपासणी घेतली म्हणून तुम्ही लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायची गरज नाही.

आधी रबराचं बोलू, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. टेकडीमागून वर येणारं ते डोकं म्हणजे हातात घालून हलवायची बाहुली आहे आणि ती तशीच दिसते. माझ्या मते तो या सिनेमातला सगळ्यात कच्चा शॉट आहे. दुर्दैव असं की नेमकं तेच त्या प्राण्याचं पहिलं दर्शन. ट्रिक फोटोग्राफी सांभाळणाऱ्या एइजी त्सुबुराया यांनी १९३३चा 'किंग काँग' पाहिलेला होता. तसं, पुतळा कणाकणाने हलवत एकेक फ्रेम टिपायचं त्यांच्या मनात होतं. पण तोहो कंपनीला सिनेमा त्याच वर्षी हवा होता. त्या पद्धतीने काम करायचं तर वर्षं लागली असती. म्हणून माणसाला पोशाख घालायचं ठरलं. पहिला पोशाख सुमारे १०० किलोंचा झाला. हारुओ नाकाजिमा या नटाला त्यात धड चालताही येईना, काही मिनिटांतच बाहेर काढावं लागे. हा माणूस चाल शिकण्यासाठी टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलांकडे बघत बसायचा. शहर होतं साधारण पंचविसाव्या हिश्शाच्या मापाचं. कॅमेरा नेहमीपेक्षा जलद फिरवून चित्रण करायचे, म्हणजे पडद्यावर पाऊल जड पडतं आणि कोसळणारी इमारत हलकी वाटत नाही.

ही माहिती मी तुमचं हसू मागे घ्यायला लावण्यासाठी देत नाहीये. लोकांनी कष्ट घेतले म्हणून प्रेक्षकाने हसू नये, असा काही नियम नाही. फक्त एक आठवून बघा. दिवसाउजेडी बेटावर तुम्ही ज्याला हसलात, तोच प्राणी रात्री टोकियोत शिरल्यावर तुम्हाला हसू आलं का? पत्रात तरी तुम्ही तसं लिहिलेलं नाही. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी तिथे त्याला अंधारात ठेवलंय, कॅमेरा खाली जमिनीजवळ ठेवलाय आणि मागे आग लावलीय. कातडीवर खवले नाहीत, खडबडीत वळ आहेत, भाजून बऱ्या झालेल्या जखमेवर उठतात तसे. आणि ती आरोळी! संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारा सैल केल्या आणि राळ लावलेला चामडी हातमोजा त्यावरून ओढला. त्या घासण्यातून तो आवाज आला. कोणत्याही जनावराच्या घशात असा आवाज नसतो. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत प्राणी दिसत नाही, पावलांचे ठोके आणि ही आरोळी ऐकू येते. तुमच्या मुलाला सिनेमाचं वेड आहे ना, त्याला ते एक-दोन मिनिटं हेडफोन लावून ऐकायला सांगा.

आता कंटाळ्याचं. त्या पहिल्या भागात, 'नुसती बुडालेली जहाजं' म्हणता तिथेच, तुमच्या रडण्याचं कारण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट १५ मेगाटनांचा झाला, म्हणजे हिरोशिमाच्या साधारण हजारपट. शास्त्रज्ञांनी धरला होता त्याच्या दुपटीहून जास्त. त्या वेळी जपानचं एक मासेमारी जहाज, नाव फुकुर्यू मारू क्रमांक ५, ट्यूना धरायला त्या समुद्रात होतं. धोक्याची म्हणून जाहीर केलेल्या हद्दीच्या बाहेर होतं. पहाटे पश्चिमेकडे लख्ख उजेड झाला आणि काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडायला लागली. जहाजावर २३ माणसं होती. ती राख त्यांच्या केसांत, कपड्यांत, पकडलेल्या माशांवर बसली. दोन आठवड्यांनी ते याइझू बंदरात परतले, तोवर अंगावर फोड उठले होते, केस गळायला लागले होते. मासे बाजारात गेले आणि देशभर घबराट पसरली. जपानी माणसाच्या ताटातला मासाच संशयास्पद झाला. जहाजाचे वायरलेस ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. वय फक्त ४०.

'गॉडझिला' जपानमध्ये लागला ३ नोव्हेंबर १९५४ ला. कुबोयामा जाऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते.

आता तो पहिला प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आणा. जहाजाच्या डेकवर खलाशी निवांत बसलेत, कुणी गिटार वाजवतंय. एकदम समुद्रातून प्रखर उजेड येतो, माणसं डोळ्यांवर हात घेतात, जहाज पेटतं, आणि आत वायरलेसवर बसलेला माणूस मदतीचा संदेश पाठवायला धडपडतो. त्यानंतर जहाज कंपनीच्या कचेरीत नातेवाइकांची गर्दी, 'आमचा माणूस वाचला का' म्हणून आकांत. आपल्याला ही गोष्टीची संथ सुरुवात वाटते. त्या नोव्हेंबरात थिएटरात बसलेल्या बाईला ती वर्तमानपत्रात रोज वाचलेली बातमी वाटली असणार. तेव्हा तुमच्या कंटाळ्याचा दोष ना तुमचा, ना सिनेमाचा. सिनेमाने गृहीत धरलेली माहिती नाशिकला शनिवारी रात्री सोफ्यावर तुमच्याजवळ नव्हती, इतकंच.

आपल्याकडेही तेव्हा हा विषय पोचला होता, हे मुलाला जरूर सांगा. बिकिनीच्या त्या स्फोटानंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ ला, पंडित नेहरूंनी लोकसभेत उभं राहून अशा चाचण्या निदान थांबवण्याचा तरी करार करा, अशी मागणी केली. आणि टोकियोच्या सुगिनामी भागातल्या बायकांनी, मासे घ्यायला बाजारात जाणाऱ्या साध्या गृहिणींनी, चाचण्यांविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत जपानभरातून ३ कोटींहून जास्त सह्या झाल्या. त्या सह्यांची मोहीम आणि हा सिनेमा एकाच उन्हाळ्यात, एकाच शहरात आकार घेत होते. मला ही गोष्ट सिनेमाच्या कोणत्याही तांत्रिक करामतीपेक्षा मोठी वाटते.

बैठकांमध्ये तुम्ही पेंगुळला असाल, पण संसदेतला प्रसंग परत बघाच. एमिकोचे वडील, शास्त्रज्ञ डॉ. यामाने सांगतात की हा प्राणी हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे समुद्राच्या तळातून बाहेर आला. एक खासदार उठतो आणि म्हणतो, हे जाहीर करू नका, परराष्ट्र संबंध बिघडतील, लोक घाबरतील. त्यावर समोरच्या बाकावरच्या बायका उसळतात. सत्य आहे ते सत्य आहे, लोकांना सांगा. नुसता गदारोळ. जपानमध्ये बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं १९४६ साली, त्याच निवडणुकीत ३९ जणी निवडून आल्या. सिनेमा आला तेव्हा या गोष्टीला आठच वर्षं झाली होती. शिवाय अमेरिकेचा ताबा उठला एप्रिल १९५२ मध्ये, आणि ताब्याच्या पहिल्या वर्षांत अणुबॉम्बच्या परिणामांबद्दल छापायला सेन्सॉर आडवा येत असे. म्हणजे 'सांगायचं की दडपायचं' हे भांडण पटकथाकारांना कल्पनेतून आणावं लागलं नाही. (जाता जाता, इतिहासाच्या मास्तरांना सांगा की यामाने त्याच प्रसंगात डायनासोरांचा ज्युरासिक काळ २० लाख वर्षांपूर्वीचा सांगतात. ती ढळढळीत चूक आहे. यामानेंचं काम करणारा ताकाशी शिमुरांसारखा नट इतक्या शांतपणे बोलतो की कानाला खटकत नाही.)

त्यानंतर थोड्याच वेळाने आगगाडीत काही माणसं बोलत असतात. एक तरुणी वैतागून म्हणते, किरणोत्सारी मासे झाले, तसलाच पाऊस झाला, आता हा गॉडझिला. नागासाकीतून कशीबशी जीव वाचवून आलेय मी. शेजारचा म्हणतो, पुन्हा शहर सोडून पळावं लागणार बहुतेक. दुसरा म्हणतो, पुन्हा? नको बाबा. सगळं बोलणं अर्ध्या मिनिटाचं. गाडीत डब्यात उभं राहून माणसं महागाईबद्दल बोलतात त्या सुरात ते बोलतात. लढाई संपून नऊ वर्षं झालेली. टोकियोवर ९-१० मार्च १९४५च्या रात्री बॉम्ब पडून सुमारे एक लाख माणसं जळून मेली होती. थिएटरातल्या कितीतरी प्रेक्षकांनी ती रात्र स्वतः पाहिली असेल.

म्हणून जेव्हा टोकियोच्या गिन्झा भागात इमारतीच्या कडेला एक बाई आपल्या लेकरांना कवटाळून बसते आणि म्हणते, आता थोडाच वेळ, आपण बाबांकडे चाललोय, तेव्हा 'बाबा' कुठे गेले हे कुणी समजावून सांगत नाही. तिथल्या प्रेक्षकांना सांगावं लागलंच नसतं.

आता दवाखाना. राक्षसाच्या सिनेमात साधारण असं होतं की शहर पडतं, धूळ उडते, आणि पुढच्या दृश्यात सेनापती नकाशावर बोट ठेवून पुढचा डाव आखतो. चिरडलेल्यांचं काय झालं, ते कुणी बघायला जात नाही. १९९८च्या न्यूयॉर्कमधल्या सिनेमात इतकी मोडतोड आहे, पण त्यातला एक तरी जखमी चेहरा तुम्हाला आठवतोय का? होंडा सकाळी तिथे जातात. राक्षस समुद्रात परतलेला आहे, पडद्यावर नाही. बोळात, जमिनीवर, स्ट्रेचरवर माणसं. एका लहान मुलासमोर डॉक्टर किरणोत्सार मोजायचं यंत्र धरतात, ते कटकट वाजायला लागतं. पोर टुकुटुकु बघतंय, त्याला बाहेरून काहीही झालेलं नाही. डॉक्टर एमिकोकडे बघून मान हलवतात. पलीकडे एक मुलगी आईला नेताना बघून हंबरडा फोडते आणि एमिको तिला जवळ घेते. या सगळ्यात एकही ट्रिक शॉट नाही. रबर नाही, तारा नाहीत, बाहुली नाही. हसण्यासारखं तिथे काही ठेवलेलंच नाही, मग तुम्ही हसणार कशाला?

होंडा स्वतः लढाईत होते. वर्षानुवर्षं चीनमध्ये सैनिक म्हणून काढली, १९४६ मध्ये परत आले, येताना हिरोशिमावरून आले. त्यांना ठाऊक होतं की बॉम्ब पडून गेल्यावरही माणसं मरत राहतात. पोर धडधाकट दिसतं आणि यंत्र सांगतं की नाही. हे ठाऊक असलेल्या माणसाने तो प्रसंग घेतलाय, म्हणून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला तर त्या जहाजाची गोष्टही ठाऊक नव्हती, आणि तरी आलं. 'क्लासिक आहे म्हणून रडलीस' याला आणखी काय उत्तर हवं? पाठ करून आलेलं रडू असतं तर सिनेमातल्या पहिल्या जहाजाच्या प्रसंगापासूनच सुरू झालं असतं.

अमेरिकन आवृत्तीबद्दल मात्र मला तुमच्या मुलाशी भांडायचंय. १९५६ साली अमेरिकेतल्या वितरकांनी मूळ सिनेमातला अर्ध्या तासाहून जास्त भाग काढून टाकला आणि रेमंड बर नावाच्या नटाला घेऊन पत्रकाराचे प्रसंग नव्याने चित्रित केले. तो टोकियोत येतो, सगळं खिडकीतून बघतो आणि आपल्याला सांगत राहतो. नट चांगला आहे, मन लावून काम करतो. जगभर गॉडझिलाचं नाव झालं ते या आवृत्तीमुळे, हेही खरं. पण काय काढलं ते बघा. आगगाडीतल्या तरुणीचं नागासाकी गेलं. संसदेतली खडाजंगी गेली. आणि शेवट? मूळ सिनेमाच्या शेवटी डॉ. यामाने स्वतःशीच म्हणतात की हा शेवटचाच गॉडझिला असेल असं मला वाटत नाही, चाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कुठेतरी आणखी एक उठेल. अमेरिकन आवृत्तीत पत्रकार सांगतो की संकट टळलं, जगाला आता पुन्हा जगता येईल. बॉम्ब ज्यांनी फोडला त्यांच्याच देशात सिनेमा दाखवायचा होता, आणि नेमका बॉम्बच पुसट झाला. मूळ जपानी आवृत्ती अमेरिकेतल्या थिएटरांत रीतसर लागायला २००४ साल उजाडलं. आटोपशीरपणा ही चांगलीच गोष्ट आहे, पण इथे तो कशाच्या बदल्यात मिळालाय ते मुलाने दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी लावून स्वतः शोधावं. त्याला असलं काम आवडेल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

सासऱ्यांचा मुद्दा सगळ्यात अवघड, आणि तो त्यांनी मांडला याचा मला आनंद आहे. त्यांचं बरोबर आहे. या सिनेमात जपान फक्त सोसतो. जपानी सैन्याने नानकिंगमध्ये केलेली कत्तल नाही, ताब्यात घेतलेले कोरिया आणि मांचुरिया नाहीत. होंडा इतकी वर्षं चीनमध्ये होते, त्यातलं काहीही पडद्यावर येत नाही. त्सुबुराया यांनी तर १९४२ साली पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा गौरव करणाऱ्या सरकारी प्रचारपटासाठी नकली जहाजं बुडवून दाखवली होती. तेच कसब १२ वर्षांनी टोकियो जाळायला वापरलं. सासऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगा, ती त्यांच्या बाजूची आहे. निर्माते तोमोयुकी तानाका त्या वर्षी खरं तर इंडोनेशियात वेगळाच सिनेमा करणार होते, तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या एका जपानी सैनिकाचा. जपानच्या ताब्यातली वर्षं तिथले लोक विसरले नव्हते. जपानविरुद्ध राग होता. व्हिसा मिळाले नाहीत, प्रकल्प बारगळला, आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या तानाकांना त्या जागी दुसरा सिनेमा उभा करणं भाग होतं. तो हा. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल सिनेमा बोलत नाही, तिच्यामुळेच तो जन्माला आला.

पण त्यांना एवढंही सांगा की डॉ. सेरिझावाकडे नीट बघा. एक डोळा लढाईत गेलेला, तळघरात एकटा काम करणारा हा शास्त्रज्ञ. त्याला प्राणवायूवर संशोधन करता करता असं काही सापडलंय की हौदातल्या माशांचे क्षणात सांगाडे होतात. ते वापरलं तर गॉडझिला मरेल. तो नाही म्हणतो. त्याचं म्हणणं, एकदा वापरलं की राज्यकर्ते गप्प बसणार नाहीत, अणुबॉम्बच्या वर हायड्रोजन बॉम्ब, त्याच्या वर हे. टीव्हीवर उद्ध्वस्त शहर आणि शांतीची प्रार्थना गाणाऱ्या शाळकरी मुली बघून तो शेवटी तयार होतो. पण आधी सगळे कागद जाळतो, आणि समुद्रात उतरल्यावर वर यायचा दोर स्वतःच कापतो. कारण कागद जाळले तरी डोक्यात आहेच. आपण बनवलेल्या शस्त्राची जबाबदारी आपली, असं म्हणणारा माणूस या सिनेमात जपानी आहे. हे चीनबद्दलचं उत्तर नाही, मी तसा दावाही करत नाही. पण 'स्वतःच्या जखमा तेवढ्या दाखवल्यात' यातल्या 'तेवढ्या'ला इथे थोडा धक्का बसतो.

राहिली एमिको. प्रेमाचा त्रिकोण पातळ आहे, कबूल. तिचं मन ज्याच्यावर आहे त्या ओगाताच्या जागी दुसरा कुणीही चालला असता. पण तिचं प्रेम बाजूला ठेवून तिचा निर्णय बघा. सेरिझावाचं गुपित एकटीला ठाऊक, कुणाला न सांगायचं वचन दिलेलं, लहानपणापासून त्याच्याशीच लग्न ठरलेलं. दवाखान्यात ती त्या आई गेलेल्या मुलीला धरून बसते आणि वचन मोडायचं ठरवते. म्हणजे तुम्ही जिथे रडलात, तिथेच सिनेमाची गोष्ट वळण घेते. राक्षस शेवटी मरतो तो तोफांनी नाही, विमानांनी नाही, विजेच्या कुंपणानेही नाही. एका बाईने त्या बोळात जे पाहिलं, तिथून त्याच्या मरणाची सुरुवात होते.

आता काय करायचं ते सांगते. मुलावर 'आदर ठेव' म्हणून दडपण आणू नका. त्याने हसावं, खुशाल हसावं. त्याला फक्त विचारा की तुला नवा २०२३चा सिनेमा आवडला, त्यात लढाईत मरायला पाठवलेला आणि न मरता परतलेला वैमानिक आहे, ते अपराधी मन या जुन्या सिनेमात कुणाकडे आहे? सेरिझावाचं नाव तो आपणहून घेईल. सासऱ्यांनाही तो नवा सिनेमा दाखवा. राज्यकर्त्यांनी स्वतःच्याच पोरांचे जीव कसे उधळले, यावर तो बराच मोकळेपणाने बोलतो. चीनबद्दल तोही गप्प आहे, हे त्यांच्या लक्षात येईलच, आणि त्यावर ते बोलतील तेव्हा मुलाला तिथे बसवा. वर्गात न मिळणारा तास घरात मिळेल.

तुम्ही स्वतः मात्र मूळ सिनेमा एकदा एकट्याने बघा. ९६ मिनिटं आहेत. पहिल्या जहाजापासून बघा, आता ते जहाज कुठलं हे तुम्हाला ठाऊक आहे. टेकडीवरचं डोकं आलं की पुन्हा हसू येईल, येऊ द्या.

धाकटीला इतक्यात नको. राक्षसाची भीती तिला वाटणार नाही, त्याला ती तुमच्यासारखीच हसेल. पण त्या यंत्रासमोर बसलेलं पोर तिच्याच वयाच्या आसपासचं आहे आणि डॉक्टरांनी मान का हलवली, हे ती तुम्हाला विचारेल. तिचा हट्ट भागवायचा असेल तर साठच्या दशकात तोहोनेच काढलेले पुढचे भाग आहेत. त्यांत गॉडझिला इतर राक्षसांशी कुस्त्या खेळतो आणि पुढे पुढे तर मुलांचा मित्रच होतो. ते तिला खुशाल दाखवा. मूळ सिनेमा ती नववी-दहावीत गेली की दाखवा, आणि तेव्हा शेजारी बसा.